मोरटक्क्याचा पूल आणि यॉर्कशायरचं पिवळं हेलिकॉप्टर



मागच्या वेळी कुंडी भंडाऱ्यावर लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी आपापल्या आजोळच्या आठवणी पाठवल्या. आज लिहितोय तो विषय जरा वेगळा आहे. गेली चाळीस वर्षं तो मनात आहे, पण लिहायला हात धजत नव्हता. आता वय पंचाहत्तरीला आलं. लिहायचं ते लिहून टाकावं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी बँकेत लागून आठ-नऊ वर्षं झाली होती. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, शाहपूरच्या शाळेत शिकवायचा. रोज बुऱ्हाणपूरहून राजदूतवर जा-ये. श्रावणातला दिवस, भुरभुर पाऊस. संध्याकाळी परत येताना ट्रकने त्याला उडवलं आणि ट्रक निघून गेला. डोक्याला मार.

पहिली गोष्ट ही, की दादा रस्त्याच्या कडेला जवळजवळ पाऊण तास पडून होता. माणसं जमली होती. त्यातल्या दोघांनी तर त्याला ओळखलंसुद्धा. पण उचलायला कोणी पुढे होईना. "पुलिस का लफड़ा कौन मोल ले?" हे वाक्य मी नंतर त्यातल्याच एकाच्या तोंडून ऐकलं. त्याच्यावर माझा राग नाही. त्या काळी जखमीला दवाखान्यात नेणारा माणूसच चार तास ठाण्यात बसून राहायचा. शेवटी केळीचा एक ट्रक थांबला, त्यातून त्याला गावात आणलं.

गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, डोक्यात रक्तस्राव दिसतोय, इंदूरला न्या. इंदूर म्हणजे एकशेऐंशी किलोमीटर. एका दवाखान्याची मेटाडोर मिळाली. ऑक्सिजनचं सिलिंडर गाडीत होतं. असीरगडचा घाट उतरेपर्यंत ते संपलं. की निघतानाच अर्धं होतं, देव जाणे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ती माणसंही आता नाहीत.

खंडवा गेलं, छैगाव गेलं, सनावद गेलं. रात्री दीडच्या सुमारास मोरटक्क्याला पोचलो तर नर्मदेला पूर. पुलाच्या तोंडाशी पिंपं आडवी लावलेली, कंदील घेऊन शिपाई उभा. "भाईसाब, पुल बंद है. सुबह देखेंगे." आमच्या उजव्या-डाव्या बाजूला ट्रकांची रांग. पलीकडे बडवाह, दिवे दिसत होते. शेजारी रेल्वेचा पूल उभा, पण मीटर गेजची गाडी पहाटे. वहिनी दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पहाटे चारच्या सुमारास तिने मला हाक मारली. गाडी यायच्या आधीच सगळं संपलं होतं. पुतण्या तेव्हा चार वर्षांचा होता.

तेव्हापासून कोणी "वेळेवर पोचलो" असं म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे तो कंदील येतो.

आता तुम्ही म्हणाल, हे आज का? सांगतो.

आपलं बुऱ्हाणपूर हे इतिहासातही वेळेवर मदत न पोचल्याचं गाव आहे. १७ जून १६३१ ला मुमताज महल इथेच गेली, चौदाव्या बाळंतपणात. शहाजहान हिंदुस्थानचा बादशहा, पदरी हकीम, दाया, खजिना, हत्ती-घोडे, सगळं होतं. रक्तस्राव थांबवणारा इलाज नव्हता. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत सुमारे सहा महिने तिचं शव ठेवलं, मग आग्र्याला नेलं. ताजमहाल जगाने पाहिला, आहूखान्याकडे आपण गावचे लोकसुद्धा फारसे फिरकत नाही. आणि आपल्या मराठी माणसाला जवळचं उदाहरण म्हणजे थोरले बाजीराव. २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला, नर्मदेच्या काठावर, तापाने गेले. जन्मभर ज्या वेगासाठी ते प्रसिद्ध, तो वेग शेवटच्या आजारात कामाला आला नाही.

म्हणजे राजा असो की शाळामास्तर, निमाडात अडकलेला माणूस अडकलेलाच. मला बरीच वर्षं वाटायचं, हे असंच असणार. नशीब. ते मत बदललं २०१३ नंतर, आणि तेही सातासमुद्रापलीकडे.

माझी लेक लग्नानंतर इंग्लंडात लीड्सला गेली. जावई संगणकातले, पण डोंगर चढायचं भारी वेड. एका रविवारी मित्रांबरोबर मालहॅमच्या बाजूला फिरायला गेले असताना ओल्या दगडावरून घसरले आणि वीस-पंचवीस फूट खाली गेले. मांडीचं हाड मोडलं, कमरेचं हाड तडकलं. तिथे ना रस्ता, ना गाडी. मित्रांनी फोन केला. डोंगरावरचे स्वयंसेवक आधी पोचले आणि मग एक पिवळं हेलिकॉप्टर येऊन शेजारच्या कुरणात उतरलं. त्यातून उतरलेल्या माणसांनी तिथेच, मेंढ्यांच्या मधोमध, वेदनाशामक दिलं, पाय बांधला, रक्तदाब सांभाळला. मग उचलून लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात. आत्ता जिथे आमचा नातू फुटबॉल खेळायला जातो, त्या मैदानावरून ते हेलिकॉप्टर गेलं असणार, असं लेक सांगते.

बातमी कळल्यावर आम्ही दोघं जमेल तितक्या लवकर गेलो. जावई पलंगावर, पायात सळ्या. मी बँकवाला. चार दिवस गेल्यावर, सगळं ठीक दिसल्यावर, हळूच विचारलं, "हेलिकॉप्टरचं बिल किती आलं?"

लेक म्हणाली, "बाबा, बिल येत नाही."

"म्हणजे सरकार भरतं."

"नाही. सरकार हॉस्पिटलचं भरतं. हेलिकॉप्टर लोक चालवतात. देणग्यांवर."

मला खरंच वाटेना. देणग्यांवर मंदिर चालतं, अन्नछत्र चालतं, फार तर धर्मशाळा. हेलिकॉप्टर? मी त्या संस्थेचा वार्षिक अहवाल मागवायला लावला. यॉर्कशायर एअर अँब्युलन्स, सन २००० मध्ये सुरू झालेली. आठ दिवस चष्मा लावून मी ते आकडे वाचत बसलो. आमच्या सौ. म्हणाल्या, "इथे पण इन्स्पेक्शन काढलंत का?"

पण त्या वाचनात मला जे सापडलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे. पैसा कुठून येतो बघा. लोक मृत्युपत्रात काही रक्कम लिहून ठेवतात, तो मोठा वाटा. मग आठवड्याची लॉटरी. शाळा, चर्चं, पब, शेतकऱ्यांची मंडळं यांचे कार्यक्रम. जुन्या कपड्यांच्या पेट्या गावोगाव ठेवलेल्या, त्यात टाकलेल्या कपड्यांचे पैसे. आणि कर भरणाऱ्याने एक पौंड दिला तर सरकार त्यावर आणखी पंचवीस पेन्स घालतं. हिशोब चोख, दरवर्षी छापलेला, कोणीही वाचावा.

आणि या सगळ्यांत पुढे कोण, तर ज्यांना त्या हेलिकॉप्टरने एकदा उचललं होतं ते लोक. हात मोडलेला शेतकरी, घोड्यावरून पडलेली मुलगी, हृदयविकाराचा झटका आलेला निवृत्त खाणकामगार. ते शाळांत जाऊन बोलतात, डबा घेऊन बाजारात उभे राहतात, आपल्या गावातला कार्यक्रम स्वतः लावतात.

त्यांच्यातला सगळ्यांत नामांकित म्हणजे टीव्हीवरचा मोटारींच्या कार्यक्रमाचा निवेदक रिचर्ड हॅमंड. २० सप्टेंबर २००६ ला यॉर्कजवळच्या एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर जेट इंजिनाची गाडी चालवताना ताशी सुमारे २८८ मैलांवर पुढचं टायर फुटलं. डोक्याला गंभीर दुखापत. याच संस्थेच्या हेलिकॉप्टरने त्याला लीड्सला पोचवलं. त्या कार्यक्रमाच्या चाहत्यांनी फुलं पाठवण्याऐवजी हेलिकॉप्टरसाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली, ते दीड लाख पौंडांच्या वर गेले. माणूस वाचला, परत कामावर गेला, आणि पुढे त्या संस्थेच्या पाठीशी उभा राहिला. डोक्याला मार. हे वाचताना मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो होतो. सौ.ना कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवून गेल्या.

दोन वर्षांनी जावई तिथली तीन शिखरं एका दिवसात चालले. पेन-ई-घेंट, व्हर्नसाइड, इंगलबरो. चोवीस मैल, बारा तासांच्या आत. प्रत्येक ओळखीच्याकडून त्यासाठी देणगी. दिवाळीच्या कार्यक्रमात तिथल्या मराठी बायकांनी वडे, चिवडा, चकल्या विकल्या. सौ.नी पाकाच्या करंज्या केल्या, त्या आधी संपल्या. सगळे मिळून अकराशे पौंडांच्या वर गेले. मी जावयांना विचारलं, "तुमचा पाय अजून थंडीत दुखतो. कशाला एवढं?"

ते म्हणाले, "बाबा, मी त्यांना बिल देऊ शकत नाही, ते घेत नाहीत. पण पुढच्याचं बिल भरू शकतो."

हे उधार फेडण्याचं गणित मला एकदम पटलं. जन्मभर कर्जखाती सांभाळली. इथे ज्याच्याकडून घेतलं त्याला परत करायचं नाही, पुढच्याला करायचं. व्याज म्हणजे फक्त आठवण ठेवणं.

घरी आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागलो. त्याचं मूळ ऑस्ट्रेलियात आहे, आणि मला ते एका नोटेवर सापडलं. भाच्याने सिडनीहून वीस डॉलरची नोट आणून दिली होती, माझ्या संग्रहासाठी. तिच्यावर एक पाद्री, शेजारी छोटं विमान, पायाने चालवायचा रेडिओ आणि उंट. त्याचं नाव जॉन फ्लिन. ज्या देशाने चलनी नोटेवर विमानाने डॉक्टर पाठवणारा माणूस छापला, त्याची गोष्ट वाचायलाच हवी असं वाटलं.

गोष्ट १९१७ पासून सुरू होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात हॉल्स क्रीक नावाचं आडगाव. जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला, पोटात फाटलं. डॉक्टर हजारो किलोमीटरवर पर्थला. गावातला पोस्टमास्तर टकेट याला प्रथमोपचार येत होते. पर्थचे डॉक्टर हॉलंड तारेवरून एकेक सूचना देत गेले आणि पोस्टमास्तराने खिशातल्या चाकूने डार्सीचं ऑपरेशन केलं. भूल नाही. मग डॉक्टर स्वतः निघाले. जनावरांच्या बोटीने, मग मोटारीने, घोडागाडीने, शेवटी पायी. पोचले तेव्हा कळलं, डार्सी आदल्याच दिवशी गेला. ऑपरेशन जमलं होतं, मलेरियाने गाठलं.

मंडळी, ही गोष्ट मी वहिनीला वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली, "आदल्या दिवशी. आपलंही तसंच की."

त्याच वर्षी क्लिफर्ड पील नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने फ्लिनला पत्र लिहिलं. तो पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून निघाला होता. विमानाने डॉक्टर कसा पाठवता येईल, खर्च किती, तळ कुठे, सगळं त्या पत्रात होतं. १९१८ मध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. आपल्या पत्राचं काय झालं ते त्याला कधी कळलं नाही. फ्लिनने मात्र पुढची दहा वर्षं त्या पत्रापायी पैसे मागत फिरण्यात घालवली. शेतीची यंत्रं बनवणारे कारखानदार ह्यू मॅके यांनी मृत्युपत्रात दोन हजार पौंड ठेवले होते, त्याने पाया घातला गेला. क्वांटास कंपनीकडून एक विमान भाड्याने, मैलाला दोन शिलिंग. १७ मे १९२८ ला क्लोनकरी गावातून पहिलं उड्डाण. पहिल्या वर्षी ५० उड्डाणं, सुमारे २०,००० मैल. १९२९ मध्ये ट्रेगरने सायकलच्या पायडलवर चालणारा रेडिओ काढला, तेव्हा कुठे आडगावातल्या बाईला डॉक्टरशी बोलता येऊ लागलं. नुसतं विमान असून भागत नाही, हाक तिथपर्यंत पोचायला हवी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

स्वित्झर्लंडची गोष्ट आणखी वेगळी. तिथली रेगा ही संस्था १९५२ ची. साठच्या दशकात तिला पैशाची चणचण भासली. तेव्हा १९६६ पासून त्यांनी लोकांना सांगितलं, वर्षाला थोडी रक्कम द्या आणि आमचे आश्रयदाते व्हा. उद्या तुम्ही डोंगरात अडकलात आणि विम्याने पैसे दिले नाहीत, तर आम्ही बिल माफ करू शकतो. आज त्या नव्वद लाखांच्या देशात तीस लाखांवर लोक पैसे भरतात. म्हणजे यॉर्कशायरचे देणारे हे होऊन गेलेले रुग्ण, आणि स्वित्झर्लंडचे देणारे हे उद्या होऊ शकणारे रुग्ण. ब्रिटनमध्ये पहिली हेलिकॉप्टर सेवा कॉर्नवॉलला १ एप्रिल १९८७ ला सुरू झाली, लोकांच्याच पैशावर. आज तिथे अशा वीसेक संस्था आहेत.

आता कोणी म्हणेल, हे गोऱ्या लोकांचं. श्रीमंत देश. आपल्याकडे रुग्ण बरा झाला की देवाला नारळ फोडतो आणि घरी जातो.

तसं नाही. आपल्याच विदर्भात वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये सुरू केलं. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं होतं अशा कुष्ठरोग्यांनी ते उभं केलं. आणि १९६४ मध्ये तिथे आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं, कोणासाठी? आजूबाजूच्या गावांतल्या निरोगी पोरांसाठी. बोटं झडलेल्या हातांनी बांधलेल्या कॉलेजात धडधाकट मुलं शिकली. समाजाने त्यांना काही दिलं नव्हतं, तरी त्यांनी दिलं. तेव्हा बरा झालेला माणूस परत देतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपण तिला फक्त गाठोड्यात बांधून ठेवलं आहे.

आता आपल्या राज्याकडे येतो. २०२४ पासून मध्य प्रदेशात पीएमश्री एअर अँब्युलन्स सेवा सुरू झाली आहे. एक हेलिकॉप्टर, एक विमान, दोन्हींत अतिदक्षता विभागासारखी सोय. आयुष्मान कार्ड असेल त्याला मोफत. जिल्ह्याचे मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकारी शिफारस करतात, आपल्या संभागाच्या आत न्यायचं असेल तर कलेक्टर साहेब मंजुरी देतात. संभागाबाहेर, राज्याबाहेर न्यायचं असेल तर मंजुरी वरच्या पातळीवरून. बुऱ्हाणपूर इंदूर संभागातच आहे. म्हणजे ज्या इंदूरला आम्ही त्या रात्री पोचू शकलो नाही, तिथे आज तासाभरात पोचता येईल. मोरटक्क्याला पूर असो की नसो.

पहिल्यांदा बातमी वाचली तेव्हा मी पेपर घेऊन वहिनीकडे गेलो. तिने वाचला, घडी घातली आणि विचारलं, "हे कोणाला माहिती आहे?"

प्रश्न बरोबर होता. मी माझ्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर विचारलं. अकरा जण होतो, सगळे शिकलेले, निवृत्त. दोघांनी नाव ऐकलं होतं. शिफारस कोण करतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. एकाने सांगितलं, "ते मंत्र्यांसाठी असेल." ही झाली हाक न पोचण्याची गोष्ट. विमान आलंय, पायडलचा रेडिओ अजून यायचाय.

इथे मी एक गैरसमजही दूर करतो, कारण कोणाच्या मनात खोटी आशा ठेवायची नाही. यॉर्कशायरचं हेलिकॉप्टर डॉक्टरला घेऊन अपघाताच्या जागी उतरतं. आपलं तसं नाही. आपल्याकडे रुग्ण आधी दवाखान्यात पोचतो, डॉक्टर त्याला स्थिर करतात, कागद होतात, मग तो मोठ्या हॉस्पिटलात हलवला जातो. वादळ, धुकं, रात्र यांत अडचणी असतातच. दादाला आजच्या सेवेने वाचवलं असतं का? मी प्रामाणिकपणे सांगतो, मला माहीत नाही. रात्रीची वेळ, पाऊस. कदाचित नसतंच. पण तो रस्त्यावर पाऊण तास पडून राहिला नसता आणि ऑक्सिजन पुरता असता, तर पहाटेची गाडी मिळाली असती. त्यामुळे आकाशातली मदत हवी असेल तर जमिनीवरचा पहिला तास आपण सांभाळायला हवा. डॉक्टर त्याला सोन्याचा तास म्हणतात.

त्यासाठी आज चार गोष्टी आपल्या बाजूने आहेत, ज्या दादाच्या वेळी नव्हत्या.

एक, १०८ ची गाडी. २००५ मध्ये हैदराबादेतून सुरू झाली, आज आपल्या गल्लीत येते.

दोन, मदत करणाऱ्याला संरक्षण. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मोहोर उठवली आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत ते कायद्याच्या कलमात आलं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. त्याला अडकवून ठेवता येत नाही. उलट वेळेत पोचवणाऱ्याला सरकार आता बक्षीसही देतं. "पुलिस का लफड़ा" हे कारण आता उरलेलं नाही. तरी लोक अजून तेच कारण सांगतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

तीन, आयुष्मान कार्ड. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं. पेन्शन असली तरी. मी काढलं. आधार कार्ड आणि पंधरा मिनिटं, एवढंच लागलं. आपल्यातले बरेच जण "आपल्याला काय गरज" म्हणून काढत नाहीत. अहो, गरज सांगून येत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे आपण. ज्यांच्या घरातलं माणूस वेळेवर पोचल्यामुळे वाचलं, अशी घरं.

कारण हेलिकॉप्टर सरकारचं आहे, त्याला आपल्या वड्या-चकल्यांच्या पैशांची गरज नाही. पण माझा जन्मभराचा अनुभव आहे, सरकारी योजनेला वाली नसला की ती फायलीत राहते. बँकेत कित्येक चांगल्या योजना मी अशा मरताना पाहिल्या. गिऱ्हाईकालाच माहीत नसेल तर काउंटरवरच्याला काय पडलंय? यॉर्कशायरला ते पिवळं हेलिकॉप्टर दिसलं की लोक मान वर करून म्हणतात, "आमचं आहे." ते आमचं करायचं काम तिथे बरे झालेल्या रुग्णांनी केलं. आपल्याकडेही तेच करू शकतात. डॉक्टरने सांगितलेलं लोक विसरतात, अधिकाऱ्याने सांगितलेलं ऐकत नाहीत. पण शेजारच्या काकांनी शर्टाचं बटण उघडून छातीवरचा टाका दाखवला आणि सांगितलं की मी असा पोचलो म्हणून वाचलो, तर ते लक्षात राहतं.

आमच्या घरात दादाचं श्राद्ध दरवर्षी होतं. गेल्या वर्षी पुतण्याने, तो आता पंचेचाळिशीचा आहे, एक गोष्ट सुचवली. श्राद्धाचं जेवण होईलच, पण त्याच्या आदल्या रविवारी आपण अंगणात टेबल टाकू. गल्लीतल्या ज्यांची आयुष्मान कार्डं नाहीत त्यांची काढून देऊ. रक्तगटासकट रक्तदात्यांची यादी करू. आणि गावातला एक तरुण डॉक्टर मुलांना दाखवील की बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, रक्त कसं दाबून धरायचं.

केलं. एकतीस कार्डं झाली. ज्या दोन गृहस्थांनी त्या संध्याकाळी दादाला ओळखलं होतं, त्यांतले एक आले होते. काठी टेकत. त्यांनी कार्ड काढलं नाही, ते आधीच होतं त्यांच्याकडे. ते बाकावर बसून राहिले. मुलं जमिनीवर पडून एकमेकांना कुशीवर वळवायचा सराव करत होती, ते बघत. जाताना वहिनीला म्हणाले, "भाभी, तब हमको ये किसी ने नहीं सिखाया." वहिनीने त्यांना चहा दिला. त्या दोघांत चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलणं झालं.

या श्रावणात पुन्हा करणार आहोत. तुम्ही आपापल्या गल्लीत, खंडव्यात, रावेरला, जळगावला, पुण्यात, जिथे असाल तिथे करा. मोठं काही नको. एक टेबल, एक यादी, आणि एक बरं झालेलं माणूस जे बोलायला तयार आहे.

आणि तुमच्या घरात कोणी वेळेवर पोचलं असेल, किंवा आमच्यासारखं पोचू शकलं नसेल, तर खाली जरूर लिहा. कोणी नेलं, कशातून नेलं, किती वेळ लागला, एवढं लिहिलंत तरी चालेल. ट्रकवाला, टांगेवाला, स्टेशन मास्तर, ज्यांनी उचललं त्यांची आठवण कुठेतरी राहू दे. त्या केळीच्या ट्रकवाल्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. त्याने दादाला उतरवलं, हात धुतले आणि केळी भुसावळला पोचवायची म्हणून निघून गेला. त्याचे आभार मानायचे राहिले. ते आज इथे मानतो.